वाचनालयाच्या सभासदांना छापील कार्ड द्यावं की बारकोडचं लेबल? ठरवण्याआधी समजून घ्या या गोष्टी

वाचनालयात संगणक आला, सॉफ्टवेअर बसलं, कपाटांतल्या पुस्तकांवर बारकोडही चिकटले. त्यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. पुस्तकांचं झालं, आता सभासदांचं काय?

एक जण म्हणतो, एटीएम कार्डासारखं फोटो असलेलं प्लॅस्टिकचं कार्ड देऊ, वाचनालयाचं नाव होईल. दुसरा म्हणतो, एवढा खर्च कशाला? बारकोडची लेबलं छापा आणि लोकांकडे आत्ता जे कार्ड आहे त्याच्याच मागे चिकटवा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो.

महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं आहेत. अ, ब, क आणि ड अशी त्यांची वर्गवारी असते. यातली बरीचशी ग्रंथालयं शासनाचं अनुदान, सभासदांची वर्गणी आणि गावातल्या देणग्या यांवर चालतात. अशा ठिकाणी शेकडो कार्डं एकदा चुकीची छापली गेली, की ती पुन्हा छापायला पैसे काढणं अवघड होतं. त्यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे एकाने नेलेलं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर चढू लागतं आणि वर्षानुवर्षं येणारा वाचक काउंटरवर वाद घालून निघून जातो.

म्हणून कार्ड की लेबल हे ठरवण्याआधी ही दोन्ही नेमकं काय काम करतात, हे पाहणं गरजेचं आहे.

आधी कार्डाचं काम काय होतं?

संगणक येण्याआधी अनेक ग्रंथालयांत देवघेवीसाठी ब्राउन पद्धत वापरली जायची. अमेरिकेतल्या ग्रंथपाल निना ब्राउन यांच्या नावावरून ती ओळखली जाते.

या पद्धतीत सभासदाला जितकी पुस्तकं नेता येतात, तितके छोटे कागदी खिसे मिळत. पुस्तक नेताना त्यातलं कार्ड काढून सभासदाच्या खिशात सरकवायचं आणि ही जोडी तारखेच्या क्रमाने ट्रेमध्ये लावून ठेवायची. पुस्तक परत आलं की जोडी सोडवायची आणि खिसा सभासदाला परत द्यायचा. म्हणजे तो खिसा हीच नोंद होती. तो हरवला तर पुस्तक मिळणं थांबत असे.

संगणकीकरणानंतर हे बदललं. नोंद संगणकात गेली. सभासदाच्या हातात उरला तो फक्त एक क्रमांक. बारकोड म्हणजे तोच क्रमांक काळ्या-पांढऱ्या रेषांत लिहिलेला. त्यात सभासदाचं नाव, पत्ता किंवा वर्गणीची माहिती नसते. स्कॅनर त्या रेषा वाचतो आणि कीबोर्डवर कुणी टाइप करावा तसा क्रमांक संगणकात भरतो.

थोडक्यात, चकचकीत प्लॅस्टिक कार्ड असो की कागदी लेबल, संगणकाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

मग फरक कुठे पडतो?

काउंटरवर दोन वेगवेगळी कामं होतात. पहिलं, सभासदाचा क्रमांक न चुकता संगणकात जाणं. दुसरं, समोर उभी असलेली व्यक्ती तोच सभासद आहे याची खात्री करणं.

बारकोड फक्त पहिलं काम करतो. मोबाइलवर फोटो काढून कुणीही त्या लेबलची प्रत छापू शकतं आणि स्कॅनर ती प्रत तितक्याच विश्वासाने वाचतो. फोटो असलेलं कार्ड दुसरं कामही करतं. पण त्यासाठी कार्डावरच फोटो हवा असं नाही. बहुतेक ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचा फोटो साठवता येतो आणि क्रमांक स्कॅन होताच तो काउंटरच्या पडद्यावर दिसतो. कार्डावरचा फोटो जुना होतो, पडद्यावरचा बदलता येतो.

दुसरा फरक छपाईच्या वेळेचा आहे. लेबलांचे क्रमांक आधीच ठरवून सगळी लेबलं एकदम छापून ठेवता येतात. नवीन सभासद आला की पुढचं लेबल काढायचं, चिकटवायचं, त्याच्या नोंदीत तो क्रमांक स्कॅन करायचा. पाच मिनिटांत तो पुस्तक घेऊन घरी जातो.

नाव आणि फोटो असलेलं कार्ड मात्र सभासद झाल्यावरच छापता येतं. दर महिन्याला पाच-सहा नवे सभासद होणार असतील, तर प्रत्येक वेळी छपाईवाल्याकडे जायचं की पन्नास जमेपर्यंत थांबायचं, हे ठरवावं लागतं. थांबायचं ठरलं, तर तोवर त्या सभासदाला तात्पुरतं काहीतरी द्यावंच लागतं. ते तात्पुरतं काहीतरी बहुतेक वेळा लेबलच असतं.

कागदावरचा हिशेब

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचे ८०० सभासद आहेत.

बाजारात मिळणाऱ्या ए-फोर आकाराच्या स्टिकर कागदावर २४ किंवा ६५ लेबलं असतात. २४ लेबलांचा कागद घेतला तर ३४ कागद लागतील. ६५ लेबलांचा घेतला तर १३ पुरतात. ऑफिसातल्या साध्या लेझर प्रिंटरवर हे काम एका दुपारी होतं.

एटीएम कार्डाचा प्रमाण आकार ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर असतो. या मापाची दहा कार्डं ए-फोर कागदावर बसतात, म्हणजे ८०० कार्डांना ८० जाड कागद लागतील. त्यानंतर ८०० कार्डं कापणं आणि लॅमिनेट करणं आलं. पीव्हीसीची कार्डं हवी असतील तर वेगळा प्रिंटर किंवा बाहेरचा छपाईवाला आलाच. शिवाय ८०० जणांचे फोटो गोळा करून, ते योग्य नावाला जोडून, प्रत्येक नावाचं शुद्धलेखन तपासावं लागतं. खर्चापेक्षा हे काम जास्त वेळ खातं.

कोणत्या ग्रंथालयाला काय सोयीचं?

शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडे ओळखपत्र आधीच असतं. त्यावर फोटो असतो, बऱ्याचदा बारकोडही असतो. तोच क्रमांक ग्रंथालयाच्या नोंदीत घेतला तर नवीन काहीच छापावं लागत नाही. बारकोड नसेल तर ओळखपत्राच्या मागे लेबल पुरतं.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत विद्यार्थी काही महिन्यांसाठी येतात. तिथे सभासद सतत बदलत असल्याने महागडं कार्ड परवडत नाही. मात्र जागा दुसऱ्यालाच वापरू देण्याचे प्रकार होत असतील, तर पडद्यावर फोटो हवाच.

बालविभागात लहान मुलांकडून कार्ड हरवणारच असं धरून चालावं. काही शालेय ग्रंथालयं यावर सोपा उपाय करतात. प्रत्येक वर्गाचा एक तक्ता करून त्यावर मुलाचं नाव आणि शेजारी बारकोड छापतात आणि तो तक्ता काउंटरवरच ठेवतात. मुलाने नाव सांगितलं की ग्रंथपाल तक्त्यावरचा बारकोड स्कॅन करतात.

कुटुंब सभासदत्व असेल तर लेबल फारच सोयीचं. एकाच क्रमांकाची तीन लेबलं छापून आजोबा, सून आणि नातू अशा तिघांना देता येतात.

वर्षानुवर्षं वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा, विशेषतः ज्येष्ठांचा, विचार थोडा वेगळा करावा लागतो. त्यांच्यासाठी वाचनालयाचं कार्ड ही आपलेपणाची गोष्ट असते. पाकिटात जपून ठेवलेलं कार्ड काढून देण्यात त्यांना समाधान वाटतं. अशा सभासदांची संख्या मोठी आणि स्थिर असेल, तर कार्डावरचा खर्च वाया जात नाही.

क्रमांक आधी ठरवा

कार्ड आणि लेबल यांच्या वादात एक गोष्ट मागे पडते. ती म्हणजे त्यावर कोणता क्रमांक छापायचा. कार्ड बदलून लेबल देता येतं, लेबल बदलून कार्ड देता येतं. क्रमांकाची पद्धत चुकली तर मात्र सगळंच नव्याने करावं लागतं.

इथे चार चुका नेहमी होतात.

पहिली चूक म्हणजे सभासदाचा आणि पुस्तकाचा क्रमांक एकच असणं. सभासद क्रमांक १५४२ आणि पुस्तकाचा दाखल क्रमांकही १५४२ असेल, तर गर्दीच्या वेळी चुकीच्या चौकटीत स्कॅन झालेला क्रमांक संगणक निमूटपणे स्वीकारतो. अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांनी यासाठी १४ अंकी क्रमांकाची पद्धत ठरवली. त्यात पहिला अंक २ असेल तर तो सभासद, ३ असेल तर पुस्तक. पुढचे चार अंक ग्रंथालयाचे असतात. शेवटचा अंक आधीच्या १३ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. हाताने टाइप करताना एखादा अंक चुकला तर तो जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. छोट्या वाचनालयाला १४ अंकांची गरज नसते. सभासदांसाठी २००००१ पासून आणि पुस्तकांसाठी ३००००१ पासून सुरुवात केली तरी काम भागतं.

दुसरी चूक म्हणजे क्रमांकाची सुरुवात शून्याने करणं. सभासदांची यादी बहुतेक वेळा आधी एक्सेलमध्ये तयार होते आणि एक्सेल ०००१२३ हा आकडा १२३ करून टाकतं. कार्डावर एक क्रमांक आणि संगणकात दुसरा, अशी स्थिती होते. अकरापेक्षा जास्त अंकी क्रमांक एक्सेल घातांकाच्या रूपात दाखवतं आणि फाइल तशीच सीएसव्ही प्रकारात साठवली तर शेवटचे अंक कायमचे जातात. म्हणून तो रकाना आधीच मजकूर प्रकारचा करून घ्यावा लागतो.

तिसरी चूक म्हणजे क्रमांकात माहिती कोंबणं. वर्गणीचा प्रकार, सभासद झाल्याचं वर्ष, प्रभाग अशी अक्षरं क्रमांकात घातली, की सभासदाने वर्गणीचा प्रकार बदलताच क्रमांक खोटा ठरतो. ही माहिती नोंदीत असतेच, ती क्रमांकात नको.

चौथी चूक जुन्या रजिस्टरच्या सवयीतून येते. सभासद सोडून गेला की त्याचा रिकामा क्रमांक नव्या सभासदाला दिला जातो. वहीत हे खपून जातं. संगणकात मात्र आधीच्या सभासदाची थकबाकी आणि न परतलेली पुस्तकं नव्या माणसाच्या क्रमांकाशी जोडली जाण्याचा धोका असतो. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कुणालाच देऊ नये.

बारकोड कोणता निवडायचा?

बारकोडचेही प्रकार असतात. ग्रंथालयांत प्रामुख्याने तीन दिसतात. कोडाबार १९७२ मध्ये आला, कोड ३९ हा १९७४ मध्ये आणि कोड १२८ हा १९८१ मध्ये.

लेबल लहान असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. सहा अंकी क्रमांक कोड १२८ मध्ये छापला तर दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह साधारण २९ मिलिमीटर रुंदी लागते. तोच क्रमांक तितक्याच जाडीच्या रेषांनी कोड ३९ मध्ये छापला तर ४५ ते ५० मिलिमीटर लागतात. ६५ लेबलांच्या कागदावर एका लेबलची रुंदी जेमतेम ३८ मिलिमीटर असते. तिथे कोड ३९ बसवायचा तर रेषा बारीक कराव्या लागतात आणि मग साधा स्कॅनर अडखळतो.

बारकोडच्या दोन्ही बाजूंची मोकळी पांढरी जागा ही त्या बारकोडचाच भाग असते. शोभेसाठी तिथे चौकट किंवा वाचनालयाचा लोगो टाकला तर बारकोड वाचला जात नाही. तसंच, बारकोडखाली क्रमांक आकड्यांतही छापावा. स्कॅनर बंद पडला किंवा वीज गेली तर तोच उपयोगी येतो.

मराठी ग्रंथालयांत आणखी एक अडचण येते. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर असताना स्कॅन केलं आणि क्रमांकात इंग्रजी अक्षर असलं, तर त्याजागी देवनागरी अक्षर उमटतं आणि सभासद सापडत नाही. स्कॅनर बिघडला असं सगळ्यांना वाटतं. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर घेतला की प्रश्न सुटतो.

कोहा वापरणाऱ्यांनी काय करावं?

अनेक ग्रंथालयं कोहा हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरतात. ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे वापरात आलं. कोहा हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट असा होतो. सॉफ्टवेअरला परवान्याचं शुल्क नाही.

कोहामध्ये लेबल तयार करण्याचं साधन आणि सभासद कार्ड तयार करण्याचं साधन अशी दोन वेगळी साधनं आहेत. नावावरून गोंधळ होतो. लेबलचं साधन पुस्तकांसाठी आहे, त्यात सभासद निवडता येत नाहीत. सभासदांसाठी फक्त कार्डाचं साधन आहे.

मग सभासदांना लेबलं द्यायची असतील तर? कार्डाच्या साधनात कागदाचं माप, कार्डाची लांबी-रुंदी, रांगा आणि रकाने आपणच भरायचे असतात. तिथे स्टिकर कागदाची मापं भरली आणि मांडणीत फक्त बारकोड आणि नाव ठेवलं, की तेच साधन सभासदांची लेबलं छापून देतं. छपाई थोडी सरकत असेल तर प्रिंटरनुसार ती जुळवून घेण्याची सोयही आहे. पहिली छपाई साध्या कागदावर करून तो कागद स्टिकर कागदावर ठेवून उजेडात पाहावा, म्हणजे महागडे कागद वाया जात नाहीत.

कोहात कार्ड क्रमांक आणि सभासदाची अंतर्गत नोंद वेगळी असते. त्यामुळे कार्ड हरवल्यास त्याच सभासदाला नवा क्रमांक देता येतो. त्याची घेतलेली पुस्तकं आणि हिशेब जागच्या जागी राहतो. जुना क्रमांक निकामी होतो आणि सापडलेल्या कार्डावर दुसरं कुणी पुस्तक नेऊ शकत नाही.

लेबल किती टिकतं?

हे छपाईवर अवलंबून असतं. इंकजेट प्रिंटरची शाई घामाने किंवा पावसाच्या पाण्याने पसरते. दुकानातल्या बिलासारखा उष्णतेवर छापणारा थर्मल कागद काही महिन्यांत फिकट होतो. तो गरम लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला तर अख्खा काळा पडतो. लेझर प्रिंटर किंवा रिबन वापरणारा लेबल प्रिंटर यांची छपाई टिकाऊ असते.

लेबलवर पारदर्शक पट्टी लावली तर घासण्यापासून बचाव होतो. पट्टी फार चकचकीत नसावी, तिच्यावरून प्रकाश परावर्तित होऊन स्कॅनरला अडचण येते. एकाच क्रमांकाची दोन लेबलं छापून एक सभासदाला द्यावं आणि दुसरं त्याच्या अर्जावर चिकटवावं. नंतर लेबल पुसट झालं तरी क्रमांक शोधत बसावं लागत नाही.

कार्डावर काय छापू नये?

कार्ड रिक्षात किंवा एसटीत राहून जाऊ शकतं. म्हणून त्यावर घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख छापू नये. वाचनालयाचं नाव आणि फोन छापला तर सापडलेलं कार्ड परत येतं. आधार क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक हाच सभासद क्रमांक करण्याचा मोह टाळावा. मोबाइल क्रमांक बदलतो आणि आधार क्रमांक काउंटरवर उघडा पडण्याचं काहीच कारण नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. बालविभागातल्या मुलांचे फोटो घेण्याआधी पालकांची लेखी संमती घेतलेली बरी.

मोबाइल असताना दोन्ही हवीत कशाला?

क्रमांकाचा बारकोड मोबाइलच्या पडद्यावरही दाखवता येतो. पण साधे लेझर स्कॅनर मोबाइलच्या पडद्यावरचा बारकोड नीट वाचत नाहीत, त्यासाठी कॅमेऱ्यासारखं चित्र टिपणारा स्कॅनर लागतो. स्कॅनर नव्याने घ्यायचा असेल तर तसाच घ्यावा. तरीही ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना तो वापरणं जमत नाही, अशा वाचकांसाठी कागदी पर्याय ठेवावा लागतोच.

मग ठरवायचं कसं?

आधी क्रमांकाची पद्धत लिहून काढावी. मग गेल्या वर्षभरात किती सभासद नवे झाले आणि किती सोडून गेले, हे रजिस्टरमधून मोजावं. ये-जा जास्त असेल तर लेबल बरं. सभासद टिकून असतील आणि त्यांच्याकडे दुसरं ओळखपत्र नसेल तर कार्डाचा विचार करता येतो.

दोन्हींचा मेळही घालता येतो. वाचनालयाचं नाव, वेळ आणि नियम छापलेली कोरी कार्डं एकदाच मोठ्या संख्येने छापून घ्यायची. सभासद आला की त्यावर नाव हाताने लिहायचं आणि आधीच छापलेलं लेबल चिकटवायचं. सभासदाला पहिल्याच दिवशी हातात कार्ड मिळतं आणि फोटो पडद्यावर राहतो. लहान वाचनालयांसाठी हा मार्ग सगळ्यांत कमी खर्चाचा आणि कमी चुकांचा आहे.

सगळ्यांसाठी छपाई करण्याआधी वीस सभासदांना लेबलं देऊन महिनाभर वापरून पाहावं. स्कॅन होतंय का, लेबल निघतंय का, क्रमांक जुळतोय का, हे त्यात कळतं. आणि त्या महिन्यात कुणी कार्ड घरी विसरून आलंच, तर नावावरून नोंद शोधून, पडद्यावरचा फोटो पाहून त्याला पुस्तक द्यावं. नोंद संगणकात आहे, त्यामुळे कार्ड नाही म्हणून वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्याची आता गरज उरलेली नाही.